गाळून उरलेला कोळसा

१२ फेब्रुवारी

मायन्याची जागा रिकामी सोडली आहे. ‘चि. सौ.’ लिहावं तर तू आता आमच्या घरची राहिली नाहीस, आणि तुला नावाने हाक मारायची मला कधी सवयच लागली नाही. तुला बरं वाटेल ते भरून घे आणि पुढे वाच.

फोनच करणार होते. पण फोनवर आपण दोघी दुसऱ्या वाक्याला भांडायला लागतो आणि सांगायचं ते राहून जातं. कागदावर निदान तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

विचारायचं एवढंच, की ढबूला या सुट्टीत आजीकडे पाठवणार आहेस की नाही? तुझं आणि माझ्या लेकाचं, बाळचं, फाटलं तेव्हा मी कुणाच्या आड आले नाही. पोरगी तुझ्याबरोबर गेली, तेही मुकाट्याने बघितलं. पण नात माझीही आहे. मागच्या सुट्टीत तू निरोप धाडलास, ‘विहिरीचं पाणी सुधारेपर्यंत ती तिकडे येणार नाही.’ वा! विहीर काय माझ्या धाकात आहे, मी डोळे वटारले की सुधारायला?

आता खरं सांगते. पाणी पिवळं दिसायला लागलंय. आधी फक्त बादलीत तळाशी वाटायचं, आता ओंजळीतही दिसतं. नळाला पाणी येतं ते घरात प्यायला पुरतं, आमची बेकरी सगळी विहिरीवर चालते हे तुला माहीत आहे. माझा भाऊ वीस वर्षं त्याच पाण्यात पीठ मळतोय. त्याच्या बोटांच्या पेरांवर चिरा पडल्यात, भरतच नाहीत. मलम लावतो आणि पुन्हा मळायला बसतो. बाळला दाखवलं तर हसला. म्हणाला, “आई, गंज आहे तो. जुनी विहीर आहे.” तो एवढा मोठा साहेब, नळांना चकचकीत मुलामा देणाऱ्या कारखान्यात. त्याला पाण्यातलं कळत असणार असं मी धरून चालले.

तू सरकारी प्रयोगशाळेत पाणीच तपासतेस ना? पगार त्याचाच घेतेस ना? मग नुसतं ‘पाठवणार नाही’ काय म्हणतेस, काय करू ते सांग. बिस्किटांचा डबा पाठवला आहे. तो ढबूचा आहे, तुझा नाही.

— ढबूची आजी


२० फेब्रुवारी

आई,

दुसरा शब्द मलाही सापडला नाही, तेव्हा हाच राहू द्या.

तो गंज नाही. कारखान्यात मुलामा दिलेले नळ धुतात, ते धुवण मागच्या खड्ड्यात सोडतात, आणि खड्डा तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला आहे. धुवणात क्रोमियम असतं. पिवळा रंग त्याचा, आणि मामांच्या हातावरच्या चिराही बहुतेक त्याच्याच. हे मी आज नव्याने सांगत नाहीये. तुमच्याच जेवणाच्या टेबलावर मी विहिरीच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले होते आणि पाणी सगळ्यांसमोर जांभळं झालं होतं. तुमचा मुलगा म्हणाला, हिला घरात आग लावायची आहे. तुम्ही म्हणालात, जेवताना बाटल्या नकोत. मी बाटल्या उचलल्या. नंतर बॅगही उचलली. त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

आता काम. आजपासून पीठ विहिरीच्या पाण्यात मळायचं नाही. नळाचं पाणी साठवा, पाव कमी करा. मामांना रबरी हातमोजे घाला, कितीही कुरकुरले तरी.

मग पाणी गाळायची सोय करू. तुमच्याकडे भट्टी आहे, ती उपयोगी पडेल. बाजारात शेंगांची टरफलं, मक्याची कणसं, फळांच्या साली ढिगाने पडतात. त्या आणून खडखडीत वाळवा. पत्र्याच्या डब्यात ठासून भरा, झाकण घट्ट, झाकणाला बोटाएवढं एकच भोक. पाव काढून झाल्यावर भट्टीची धग उरते, त्यात डबा ठेवा. आत हवा नसल्यामुळे कचरा जळत नाही, नुसता भाजतो. भोकातून निघणारा धूर पेट घेईल, घाबरू नका. ती ज्योत विझली की झालं. डबा पूर्ण गार होईपर्यंत उघडायचा नाही. याला बायोचार म्हणतात. आहे कोळसाच, पण त्याला इतकी बारीक छिद्रं असतात की पाण्यातला रंग आणि धातू त्यात अडकून राहतात. पिंपात खाली खडी, वर वाळू, वर हा कोळसा धुऊन, आणि वरून पाणी सावकाश सोडायचं.

थेंबांची बाटली पाठवते आहे. गाळलेल्या पाण्यात टाका. जांभळं झालं की कोळसा थकला, तो काढून नवा घाला. आणि पाण्याचा नमुना मला पाठवा, मी स्वतः बघेपर्यंत ते कणकेला लावायचं नाही.

हे सगळं मलमपट्टी आहे. खरं काम कारखान्याचं आहे आणि ते तुमच्या मुलाने करायचं आहे. तोपर्यंत ढबू येणार नाही. डबा तिने दोन बैठकींत संपवला.

— मी


९ मार्च

तुला एक गोष्ट मानायला हवी, हुकूम सोडावा तर तू. पत्र वाचताना मी दोनदा उठून उभी राहिले.

पहिला डबा फुकट गेला. ‘गार होईपर्यंत उघडायचा नाही’ असं तू लिहिलंस, पण अख्खा जन्म भट्टीत डोकावून बघण्यात गेला बाई! पाव झाला की नाही ते डोकावल्याशिवाय कळतं का? ज्योत विझली तसं मी झाकण किलकिलं केलं. भस्सकन पेटलं. माझी उजवी भुवई गेली आणि डब्यात वाटीभर राख उरली. भाऊ इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. दुसऱ्या वेळी त्याने मला झाकणापाशी येऊच दिलं नाही. काळाभोर कोळसा निघाला, हातात घेतला तर काचेसारखा खणखण वाजतो.

पिंप आता विहिरीपाशी विटांवर उभं केलंय. तू सांगितलंस तसं सगळं केलं. विहिरीच्या पाण्यात तुझे थेंब टाकले तर असलं जांभळं झालं की बघवेना. गाळलेल्या पाण्यात टाकले, आणि मी ग्लास उजेडात धरून उभी राहिले. काही झालं नाही. पाणी होतं तसं पाणी! त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तुझ्याकडे नीट बघायला हवं होतं, असं मनात आलं. आलं आणि गेलं, उगाच फुगू नकोस.

पहिली भरती थकली तेव्हा कोळसा काढला, नवा भरला. आमच्याकडे काही वाया जात नाही. भावाचे हात हातमोज्यांत सुधारतायत, पण हातमोजे घालून पीठ कळत नाही म्हणून दिवसभर माझ्यावर डाफरतो. शेजारच्या बायका बादल्या घेऊन येतात. मीही देते, थेंब टाकून दाखवते आणि तुझ्यासारखीच भुवई उडवून बोलते. एकच भुवई आहे सध्या.

नमुन्याची बाटली आणि बिस्किटं दोन्ही पाठवली आहेत. पाणी तपास, आणि सुट्टी कधी लागते ते कळव.

— ढबूची आजी


१८ मार्च

आई,

तुमची बाटली तपासली. पाणी चांगलं आलं. खूप आनंद झाला होता मला. ढबूचे कपडे काढून बॅगेशी ठेवलेसुद्धा होते.

मग एका मैत्रिणीने वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. तुमचं विहिरीपाशी उभं केलेलं पिंप. पिंपावर हात ठेवून तुमचा मुलगा, कोट घालून. मागे पाटी, ‘कारखान्याची शेजाऱ्यांना भेट’. आणि त्याच्या शेजारी तुम्ही, हातात पाव घेऊन, हसताना! खाली छापलंय की परिसरातलं पाणी आता काचेसारखं आहे, खुद्द साहेबांच्या आईंच्या बेकरीत तेच वापरतात, तेव्हा प्रदूषणाच्या तक्रारी निराधार आहेत.

त्याचा अर्थ कळतो का तुम्हाला? सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र बसवायला सरकारने कारखान्याला मुदत दिली होती. आता तो तपासणीच्या लोकांना तुमचं पिंप दाखवून म्हणतोय की यंत्राची गरजच नाही. मी शिकवलेल्या कोळशामागे लपून तो खड्ड्यात विष सोडत राहणार. टरफलं तुम्ही वेचायची, भुवई तुम्ही जाळून घ्यायची आणि टाळ्या त्याने घ्यायच्या. आणि तुम्ही हसताय!

यातलं एक अक्षर तुम्ही मला कळवलं नाहीत. त्याला सांगितलंत कधी? माझं पत्रही वाचायला दिलंत का? मी मूर्ख आहे. इतकं होऊन पुन्हा त्याच घरात ज्ञान वाटायला गेले.

कपडे कपाटात परत ठेवले. ढबू विचारते, तिला काय सांगायचं ते तुम्हीच कळवा.


२४ मार्च

हो का? बरं. आता माझंही ऐक.

मी हसत नव्हते. तो फोटोवाला म्हणाला, “आजी, पाव वर धरा.” मी धरला. सूर्य डोळ्यांवर होता म्हणून तोंड वेडंवाकडं झालंय. तू चार वर्षं माझ्या घरात राहिलीस, माझं हसू तुला ओळखता येऊ नये? बाळला मी काही सांगितलं नव्हतं. विहिरीपाशी रांग लागली तेव्हा त्यानेच बघितलं आणि चार माणसं घेऊन आला. मला वाटलं, आईचं कौतुक करायला आलाय. हो, वाटलं. एकुलता एक मुलगा कधी नव्हे तो बेकरीत आला, तर आईला काय वाटावं? मी भट्टीवर असताना त्यांनी पाटी ठोकली. दुसऱ्या दिवशी मी ती काढली आणि उलटी करून तिच्यावर ट्रे ठेवते. हवं तर तिचाही फोटो पाठवते.

मुलगा माझा आहे, कारखाना माझा नाही. मी त्याला विचारलं, यंत्र का बसवत नाहीस? म्हणाला, “आई, तुझ्या विहिरीचं पाणी स्वच्छ झालं ना? मग तुला काय करायचंय?” मी भट्टीकडे वळले. तुला उत्तर सुचलं असतं, तू बाटल्यांची बाई. मी पाव भाजणारी. पण म्हणून मी त्याला फितूर? हे तुझ्या मनात तरी कसं आलं?

आणि मला मूर्ख समजू नकोस. तुझ्या एवढ्या-एवढ्या गोष्टींचं आम्ही चीज करतो. पाणी गाळून थकलेला कोळसासुद्धा फेकत नाही. उन्हात वाळवतो आणि भट्टीत घालतो. लाकडापेक्षा झकास पेटतो, धूर नाही, धग एकसारखी. राखेने ट्रे घासले की लख्ख निघतात. ही बिस्किटं त्याच कोळशावर भाजलेली आहेत, खालून रंग कसा आलाय ते बघ. रागात आहे म्हणून ढबूचा डबा थांबवणारी बाई मी नाही.

तिला सांग, आजीने बोलावलंय, आई पाठवत नाही. तेच खरं आहे.


३० मार्च

आई, भट्टी विझवा. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र माणसाच्या हाती पाठवते आहे. हे वाचत असताना आत काही भाजत असेल तर तेही बाहेर काढू नका, आतच राहू द्या आणि विझवा.

पाण्यातलं क्रोमियम त्या कोळशात अडकलं होतं. तेच तर त्याचं काम होतं. तिथे ते गपचूप पडून राहिलं असतं. तुम्ही ते उघड्या हवेत जाळलंत. कोळसा जळून गेला, धातू जळत नाही. तो राखेत उतरला, आणि आगीने पुन्हा पहिल्यासारखा जहाल झाला. त्याच भट्टीच्या फरशीवर तुमचा पाव. त्याच राखेने घासलेले ट्रे. विहिरीतून काढलेलं विष तुम्ही लोकांच्या ताटात वाढलंत.

तुमचं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचत होते. ढबू शेजारच्या पायरीवर बसून डबा उघडत होती. ‘त्याच कोळशावर भाजलेली’ या शब्दांपाशी मी आले तेव्हा तिसरं बिस्किट तिच्या तोंडाशी होतं. मी तिच्या हातावर फाडकन चापट मारली. बिस्किट जिन्यातून खाली गेलं. मी तिला आयुष्यात कधी हात लावलेला नाही. ती रडलीसुद्धा नाही. म्हणाली, “आजीवरचा राग माझ्यावर का काढतेस?”

बिस्किटांच्या तळाला चिकटलेली राख खरवडून तपासली. फिकट, पण जांभळी.

डॉक्टर म्हणाले, दोन-तीन बिस्किटांनी काही होत नाही, लक्ष ठेवा. ती ठीक आहे. मी नाही. तुमच्यावर मी इतकी भडकले होते की खोलीभर फेऱ्या घालत मोठमोठ्याने तुम्हाला बोलत होते. मग माझंच पत्र आठवलं. ‘काढून नवा घाला’ एवढंच मी लिहिलं होतं. काढलेल्याचं काय करायचं, ते लिहिलंच नाही. आमच्या प्रयोगशाळेत त्यासाठी कोपऱ्यात झाकणाचं पिंप असतं. त्यात टाकायचं आणि विसरून जायचं, इतकं अंगवळणी पडलंय की कुणाला सांगावं लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कोळसा दिला कुणाला, तर भट्टीवालीला! आणि वर लिहिलं, ‘आहे कोळसाच’. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आता नीट वाचा. तोंडाला फडकं, हातात मोजे. राख आधी ओली करा, उडू देऊ नका. राख आणि सगळा थकलेला कोळसा दुहेरी पोत्यांत भरून तोंडं बांधा. कचऱ्यात, नाल्यात, मातीत कुठेही टाकायचं नाही. ट्रे माझ्याकडून निरोप येईपर्यंत वापरायचे नाहीत. भट्टीची फरशी उचकटावी लागेल. आणि ज्यांनी पाव नेला त्यांना सांगावं लागेल. ते मी इथून करू शकत नाही.


८ एप्रिल

पोरी,

भट्टी विझवली. फरशी भावाने पहारीने उचकटली. आमच्या बापाने बसवलेली होती ती, एकेक फरशी निघताना तो शिव्या देत होता, कुणाला ते त्यालाही माहीत नव्हतं.

लोकांना मी सांगितलं. दारात उभी राहिले, आणि पावाला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं की गेल्या काही दिवसांतला पाव घरात उरला असेल तर खाऊ नका, पोरांच्या पोटाकडे लक्ष ठेवा. कोणी ऐकून निघून गेलं. समोरची शिंपीण म्हणाली, “तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.” तिला मी काय सांगणार? मीही बाळवर तसाच ठेवला होता.

मग बाळ आला. माझ्या विझलेल्या भट्टीसमोर उभा राहून म्हणाला, “आई, एवढं मनावर काय घेतेस? चिमूटभर राखेने काय होतंय? ती तिकडे बसून तुला घाबरवते. आणि दारात उभं राहून गावाला सांगायची काय गरज होती? माझं नाव जातं त्यात.” त्याच्या लेकीने खाल्लंय ते, असं मी सांगितलं. तो म्हणाला, “ठीक आहे ना ती?” आणि घड्याळ बघितलं. घड्याळ बघितलं, पोरी! माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक ट्रे घेतला. त्यात थकलेला कोळसा आणि राख पसरली, ओली करून. वर फडकं झाकलं, पाव झाकतो तसं. भावाचे मोजे घातले आणि कारखान्यात गेले. दारावरचा माणूस मला ओळखतो, त्याला वाटलं साहेबांना खाऊ आणलाय. बाळच्या खोलीत बाहेरगावचे चौघे बसले होते, भिंतीवर नळ टांगलेले, सगळे लखलखीत. मी ट्रे त्याच्या काचेच्या टेबलावर ठेवला आणि फडकं काढलं.

“हे काय आई?”

“तुझंच आहे. तुझ्या खड्ड्यातून निघालं, माझ्या विहिरीत आलं, तिथून या कोळशात. परत करायला आले.”

त्यातल्या एका पाहुण्याने पेन्सिलीने त्यात ढवळायला हात पुढे केला. बाळ खुर्ची मागे ढकलून असा ताडकन उठला की खुर्ची पडली. त्या माणसाचं मनगट धरलं आणि ओरडला, “हात लावू नका! विषारी आहे ते!”

मी म्हटलं, “विषारी कुठचं? गंज आहे तो. तूच सांगितलंस ना मला? चिमूटभर राखेने काय होतंय?”

त्याचं तोंड पांढरं पडलं. जवळ येऊन हळूच म्हणाला, “आई, घरी बोलू.”

“घरी माझी भट्टी विझलीय,” मी म्हटलं. “इथेच बोल.”

त्याने पडलेली खुर्ची उचलली. पोरी, त्याला माहीत होतं. सगळं पहिल्यापासून माहीत होतं. परक्या माणसाचा हात त्याने झडप घालून वाचवला, आणि मामाचे हात दिसत असून मला गंज सांगितला. मी त्याला या हातांनी भरवलंय. माझाच मुलगा आहे, आणि त्याच्याकडे बघून मला किळस आली. हे मी तुलाच लिहू शकते, दुसरं कुणी नाही मला लिहायला.

ट्रे मी तिथेच सोडून आले. बाकीची पोती भावाने हातगाडीवरून नेली आणि गेटपाशी ठेवली, तोंडं बांधलेली आहेत, काळजी करू नकोस. आता रोज सकाळी मी बेकरीतलं स्टूल नेते आणि पोत्यांशेजारी बसते. येणारा-जाणारा विचारतो, आजी, यात काय आहे? मी सांगते. बाळ गाडीची काच वर करून जातो. काल दोन कामगार येऊन बाजूला उभे राहिले आणि त्यांनी मला आपापले हात दाखवले. भावासारखेच आहेत.

ढबूला पाठवू नकोस. हे आता मीच सांगते. पिंपातून कितीही चांगलं पाणी येऊ दे, वर खड्डा आहे तोवर माझ्या नातीने या विहिरीजवळ फिरकायचं नाही. आणि तिच्या हातावर बसली ती चापट खरी मला बसायची होती. तिला तसं सांग. या वेळी डबा नाही. भाजायला भट्टी नाही, आणि असती तरी पाठवायची हिंमत नाही.

— आई


१५ एप्रिल

आई,

तुमचं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि मग उठून दार लावून घेतलं. ट्रे उघड्या रस्त्याने नेलात? फडकं उडालं असतं म्हणजे? ओलं केलं होतं म्हणून वाचलात. तुमच्यावर एकाच वेळी ओरडावं आणि तुमच्या कुशीत शिरावं असं मला यापूर्वी कधी झालं नव्हतं.

पोती तिथेच राहू द्या. ती कारखान्याची आहेत, त्यांनीच घातक कचऱ्याच्या जागी न्यायला हवीत, आणि नेईपर्यंत सगळ्यांना दिसायला हवीत.

मी सोमवारी सकाळी पोचते. आमच्या ऑफिसातल्या साहेबांशी भांडून परवानगी मिळवली आहे. नमुन्याच्या बाटल्या आणते आहे, सगळ्या रिकाम्या. खड्ड्याचं, नाल्याचं आणि कामगारांच्या हात धुवायच्या टाकीचं पाणी मी स्वतः भरणार, तुमच्या मुलाच्या डोळ्यांदेखत, आणि त्यावर सही शिक्का माझ्या प्रयोगशाळेचा असेल. ‘घरात आग लावते’ म्हणाला होता ना? आता बघू दे.

ढबूला तुमचा निरोप सांगितला. चापटीचंही सांगितलं. ती म्हणाली, आजीला कशाला बसायला हवी होती, बाबाला बसायला हवी होती. मी तिला गप्प केलं नाही.

ती माझ्याबरोबर येते आहे. विहिरीपाशी तिला फिरकू देणार नाही, प्यायचं पाणी इथून घेते आहे. पण तिने हट्ट धरलाय की ती तुमच्या शेजारी गेटवर बसणार, आणि विचारणाऱ्यांना तीच सांगणार. मी नाही म्हणून पाहिलं. तुमचीच नात आहे.

बेकरीत स्टुलं तीन होती. उरलेली दोन्ही घेऊन या.

— तुमची सून